टाकी ओव्हरफ्लो झाली की आधी मीटरची रेंज बघा, माणसाला नोटीस नंतर द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आहे, म्हणजे मोजमापाचे मीटर बसवणारा आणि दुरुस्त करणारा, आयटीआय करून २२ वर्षं झाली, त्यातली बरीचशी कोकणातल्या केमिकल एमआयडीसीत गेली आणि आता पाणी योजनांचे पंपहाऊस, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचे प्लांट) असली कामं कॉन्ट्रॅक्टवर करतो. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितोय, भाषेत चुका असतील तर सांभाळून घ्या, पण हे लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाहीये.

पाण्याची टाकी रात्रभर वाहत राहिली, लाखो लिटर पाणी गटारात गेलं, अशी बातमी दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून येतेच, आणि शेवटच्या ओळीत एकतर "तांत्रिक बिघाडामुळे" असतं किंवा "कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे". बातमी तिथे संपते. पण तांत्रिक बिघाड म्हणजे नेमकं काय बिघडलं हे कोणी विचारत नाही आणि निष्काळजीपणा म्हटला की एक माणूस घरी बसतो. अशाच एका माणसासाठी हे पत्र आहे. गावाचं आणि ऑफिसचं नाव लिहीत नाही कारण मला कोणाची बदनामी करायची नाही, मला फक्त झालं काय ते सांगायचंय.

गेल्या वर्षी एका पंपहाऊसला क्लोरीन मीटरच्या कामाला गेलो होतो. काम चालू असताना एक काका आले, वय पन्नाशीच्या पुढे, म्हणाले दादा तुम्ही मीटरवाले ना, मग तेवढा टाकीचा पाण्याची लेव्हल मोजणारा मीटर एकदा बघा. हे तिथले जुने पंप ऑपरेटर. महिन्याभरात तीनदा रात्री टाकी वाहिली म्हणून आधी नोटीस, मग आठ दिवसांचा पगार कापला आणि तिसऱ्या वेळी सांगितलं की उद्यापासून येऊ नका. झोपा काढतो असं लिहिलं होतं नोटिशीत. काका म्हणत होते की मी जागाच होतो, स्क्रीनवर आकडा चार मीटरच्या आसपास दाखवत होता, पंप साडेचार मीटरला ऑटोमध्ये बंद होतो, म्हणून मी बंद होण्याची वाट बघत बसलो आणि तेवढ्यात बाहेर पाण्याचा आवाज आला.

त्यांनी एक सुती दोरी आणली होती, टोकाला मोठा लोखंडी नट बांधलेला. आम्ही दोघं टाकीवर चढलो, मॅनहोल उघडलं, नट तळाला टेकेपर्यंत दोरी सोडली, ताण दिला, वर ओढली आणि ओला झालेला भाग टेपने मोजला. साडेचार मीटर. खाली नवीन ऑपरेटर पोरगा होता त्याला फोन लावला, स्क्रीनवर किती दिसतंय विचारलं, तो म्हणाला ३.७५. मग टाकीवरच्या अल्ट्रासॉनिक मीटरचं झाकण उघडलं तर त्याच्या स्वतःच्या डिस्प्लेवर ४.५० लिहिलेलं. म्हणजे मीटर खरं बोलत होता, दोरी खरं बोलत होती आणि काकाही. जंक्शन बॉक्समध्ये करंट मोजला तर बरोबर १६ मिलिअँपिअर, खाली पीएलसीच्या (पंप चालू-बंद करणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या) कार्डावरही १६. वायर पण ठीक.

मग मेनूत गेलो आणि एका मिनिटात सापडलं. जुना मीटर जळाल्यावर नवीन बसवला होता, नव्याची रेंज ० ते ६ मीटर तशीच ठेवलेली आणि पीएलसीच्या प्रोग्रामात जुन्या मीटरची ० ते ५ मीटर. एवढंच.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टाकीवरचा मीटर खाली कंट्रोल पॅनलला आकडा पाठवत नाही, तो फक्त करंट पाठवतो, दोन वायरीतून, ४ मिलिअँपिअर म्हणजे शून्य टक्के आणि २० म्हणजे शंभर टक्के. आमच्या भाषेत फोर टू ट्वेंटी. ८ म्हणजे २५ टक्के, १२ म्हणजे अर्धं, १६ म्हणजे पाऊण. पण शंभर टक्के कशाचे हे त्या करंटमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं, ते दोन्ही टोकांना वेगवेगळं भरावं लागतं, वर मीटरमध्ये आणि खाली पीएलसीत, आणि दोन्हीकडे एकच भरलं गेलं की नाही हे माणसानेच बघायचं असतं. साडेचार मीटर पाणी म्हणजे सहा मीटरच्या ७५ टक्के, करंट १६, आणि पीएलसीला वाटतं पाचच्या ७५ टक्के म्हणजे ३.७५. आता पुढचं बघा. त्या टाकीचा ओव्हरफ्लो पाईप पाच मीटरवर आहे. पाणी पाच मीटरला पोचलं तरी करंट १७.३३ आणि स्क्रीनवर ४.१७. पंप बंद होणार ४.५० ला. म्हणजे तो आकडा त्या स्क्रीनवर कधी येणारच नव्हता, काका काय आणि दुसरा कोणी काय, ऑटोवर विश्वास ठेवून जो कोणी बसेल त्याच्या शिफ्टला टाकी वाहणारच होती. वर एक साधा फ्लोट स्विच (पाणी वर आलं की तरंगून पंप बंद करणारा) असता तरी वाचलं असतं, तो ड्रॉइंगमध्ये होता, टाकीवर नव्हता.

वाईट याचं वाटतं की कागदावर सगळं ओके होतं. नव्या मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट फाईलला, खोटं नाही, मीटर खरंच अचूक होता. पीएलसीवाल्याची शीट फाईलला, त्याचं कार्डही अचूक. लूप टेस्टचाही (लूप म्हणजे मीटर, वायर आणि पीएलसी ही अख्खी साखळी) कागद होता, त्यावर सही शिक्का आणि "ओके" एवढाच शब्द, एकही रीडिंग नाही. प्रत्येकाने आपापला तुकडा तपासला आणि दोन तुकडे जोडून कोणी बघितलंच नाही. लूप टेस्ट म्हणजे नेमकं हे जोडून बघणंच असतं हो!

आता ती कशी करायची ते पण लिहितो, कारण हे पत्र एखाद्या ज्युनिअर इंजिनिअरने किंवा सरपंचांनी वाचलं तर पुढच्या वेळी कॉन्ट्रॅक्टरला विचारता येईल. एक माणूस मीटरपाशी, एक स्क्रीनसमोर, दोघांच्या हातात फोन किंवा वॉकी-टॉकी. पंप मॅन्युअलला घ्यायचा, कंट्रोल रूमला सांगून, परमिट लागत असेल तर काढून. मीटरच्या मेनूत सिम्युलेशन किंवा लूप टेस्ट असतं, म्हणजे पाणी कितीही असो, आपण सांगू तेवढा करंट मीटर सोडतो, त्यातून ४, ८, १२, १६, २० असा करंट पाडायचा आणि प्रत्येक वेळी समोरच्याने स्क्रीनवरचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि तोच आकडा शीटवर लिहायचा. त्या टाकीला मीटरची रेंजही ० ते ५ केल्यानंतर आम्ही असंच केलं, ०, १.२५, २.५०, ३.७५, ५.००. मग २० वरून खाली ४ पर्यंत परत. मग १८.४ पाडला, म्हणजे साडेचार मीटर, आणि पंप खरोखर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो का ते बघितलं. झाला. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. तीन रात्रींचं पाणी आणि एका माणसाची नोकरी वीस-पंचवीस मिनिटांत वाचली असती.

काही जण कॅलिब्रेटर घेऊन मीटरची वायर काढून तिथून करंट सोडतात, ते पण चालतं पण त्यात मीटर बाजूलाच राहतो, वायर आणि पॅनल तेवढं तपासलं जातं. आमच्या या केसमध्ये तसं केलं असतं तर सगळं मस्त आलं असतं, १२ सोडला की २.५० आणि काही सापडलं नसतं. आणि मीटरच्या सिम्युलेशनमध्येही नुसता करंट पाडून भागत नाही, मीटरच्या मते १६ म्हणजे किती मीटर हे त्याच्या डिस्प्लेवर बघून समोरच्या स्क्रीनशी ताडावं लागतं, तिथेच हा ६ आणि ५ चा घोळ उघडा पडतो. सेन्सर खरं मोजतोय का ते तर याने पण कळत नाही, त्याला शेवटी काकांची दोरीच लागते.

अजून एक सवय बघतो तिच्याबद्दल मनापासून राग आहे. स्क्रीनवरचा आकडा जुळत नाही म्हटल्यावर पोरं आउटपुट ट्रिम मारतात. ट्रिम कशासाठी आहे, तर मेनूत १२.०० म्हणतोय आणि मिलीअँपिअर मीटरवर ११.८५ दिसतंय तर तेवढा फरक काढायला. रेंज चुकलीये आणि तुम्ही ट्रिमने आकडा जुळवलात तर तो त्या एका पॉइंटला जुळतो, वर-खाली सगळीकडे खोटा होतो आणि पुढच्या माणसाला कारण सापडता सापडत नाही. तसंच वाफेच्या फ्लोचं. तो दाबातल्या फरकावरून (डीपी) मोजतात आणि त्या फरकाचं वर्गमूळ, म्हणजे स्क्वेअर रूट, एकदाच घ्यायचं असतं. डीपी ट्रान्समीटरमध्ये स्क्वेअर रूट चालू आणि कंट्रोल सिस्टीममध्ये पण चालू, असं मी दोन ठिकाणी बघितलंय. खरा फ्लो ५० टक्के असला की स्क्रीनवर जवळजवळ ७१ टक्के दिसतो, आणि ४ आणि २० ला मात्र अगदी बरोबर, कारण शून्याचं वर्गमूळ शून्य आणि एकाचं एक. म्हणजे ज्याने दोन टोकंच तपासली त्याला आयुष्यात कळणार नाही. मधले तीन पॉइंट यासाठी असतात.

आणि २० चा पॉइंट का चुकवू नये तर आमच्या कोकणातला पाऊस. जंक्शन बॉक्सचा ग्लँड (वायर आत घेणारं बूच) सैल, आत पाणी, टर्मिनल हिरवे पडलेले. गंजामुळे रेझिस्टन्स वाढतो. २४ व्होल्टचा सप्लाय, त्यातले १२ व्होल्ट समजा मीटरलाच लागतात, उरले १२, आणि लूपचा एकूण रेझिस्टन्स ७०० ओम झाला असेल तर करंट १७ च्या पुढे सरकतच नाही. ४ ला ओके, १२ ला ओके, आणि खरी गरज पडते तेव्हा आकडा १७ ला अडकलेला. कधी उलटंही होतं, टर्मिनलवर ओल धरली की दोन वायरींच्या मधून थोडा करंट तसाच वाहतो आणि आकडा उगीच जास्त दिसतो, उन्हात बॉक्स वाळला की परत बरोबर. यासाठी माझं म्हणणं आहे की मे महिन्यात एक आणि ऑगस्टमध्ये एक अशा दोन टेस्ट पाहिजेतच.

४ का, शून्यापासून का नाही, हे मला आयटीआयच्या सरांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. पूर्वी हवेवर चालणारी इन्स्ट्रुमेंट्स होती ती ३ ते १५ पीएसआय दाबाच्या हवेवर चालायची, तोच हिशोब इथे आला. शून्य टक्क्यालाही ४ मिलिअँपिअर असतात म्हणजे लूप जिवंत आहे, आणि करंटच शून्य झाला म्हणजे वायर तुटली. जर्मनीतल्या नामूर संघटनेची शिफारसच आहे की ३.८ ते २०.५ पर्यंत खरं मोजमाप समजा आणि ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेलं तर बिघाड समजा. मीटर ते पाळतो, पण पीएलसीत तसा अलार्म कोणीतरी लिहायला लागतो. मी किती तरी पॅनल बघितलेत जिथे वायर काढली की स्क्रीनवर शांतपणे ०.०० मीटर येतं आणि पीएलसी समजतो टाकी रिकामी आहे, पंप चालू कर! उंदराने वायर कुरतडली तरी टाकी वाहणार. म्हणून टेस्टच्या शेवटी एक वायर मुद्दाम काढून बघायची आणि अलार्म वाजतो का, पंप थांबतो का ते लिहायचं, आणि वायर परत लावून टर्मिनल घट्ट केल्याचंही लिहायचं.

परत लावणं यावरून आठवलं, हे सगळ्यात महत्त्वाचं. सिम्युलेशन काढायला विसरणे. एका एमआयडीसीत, ही नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट, सांडपाण्याच्या पीएच मीटरवर कोणीतरी १२ मिलिअँपिअर पाडून टेस्ट केली आणि चहाची वेळ झाली म्हणून तसाच ठेवून गेला. ० ते १४ च्या रेंजला १२ म्हणजे बरोबर पीएच ७. पाच दिवस स्क्रीनवर ७.०० होतं, सगळ्यांना बरं वाटलं, कोणी हात लावला नाही. पाचव्या दिवशी रात्रपाळीच्या केमिस्ट ताईंनी लिटमस पेपर बुडवला तेव्हा तो लालभडक झाला. त्या पाच दिवसांत नाल्यात काय गेलं ते मी सांगू शकत नाही, पण खाली खाडी आहे आणि खाडीवर मासेमारी करणारी माणसं आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाईन मॉनिटरिंग बसवायला सांगितलं, फार चांगला निर्णय होता तो, पण ऑनलाईन जे जातं त्याच्या मुळाशी बऱ्याच ठिकाणी हीच दोन वायरींची गोष्ट असते. करंट खोटा तर सर्व्हरवरचा आकडाही खोटा. खऱ्या पाण्याचा पीएच दिवसभर दुसऱ्या दशांशापर्यंत एकाच जागी उभा राहत नाही, तो थोडा तरी हलतो, आणि सरळ रेषा दिसली की आधी मीटरचं सिम्युलेशन किंवा होल्ड (आकडा गोठवून ठेवणं) चालू आहे का ते बघायला माणूस पाठवला पाहिजे.

माझ्याही हातून चूक झालीये ती लपवत नाही. नवीन असताना बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याच्या लेव्हलचा करंट मोजायला मल्टीमीटर सिरीजमध्ये लावला, मीटरचा मिलीअँपिअरचा फ्यूज आधीच उडालेला होता हे बघितलं नाही, लूप ओपन झाला आणि बॉयलर लो लेव्हलला ट्रिप. अख्खा प्लांट चार तास बंद. तेव्हापासून फ्यूज तपासल्याशिवाय मी मीटर खिशातून काढत नाही आणि हाताखालच्या पोरांनाही काढू देत नाही.

कोणाला वाटेल एका टाकीसाठी एवढं काय. २३ मार्च २००५ ला अमेरिकेत टेक्सास सिटीच्या बीपी रिफायनरीत स्फोट झाला, १५ कामगार गेले, १८० जखमी झाले. तिथे १७० फुटी टॉवर वरपर्यंत भरत चालला होता आणि कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवर लेव्हल हळूहळू उतरताना दिसत होती, कारण लेव्हल ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन चुकीच्या स्पेसिफिक ग्रॅव्हिटीवर (द्रव पाण्याच्या किती पट जड आहे त्या आकड्यावर) होतं. वरचा वेगळा अलार्मही वाजला नाही. समोर बसलेला ऑपरेटर स्क्रीनवरच विश्वास ठेवणार ना, तो आणखी काय करेल? त्याची चौकशी अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने केली आणि ऑपरेटर चुकले एवढ्यावर न थांबता मीटर का चुकला, देखभाल का झाली नाही, तिथपर्यंत गेली. आपल्याकडे चौकशी शिफ्ट रजिस्टरवर कोणाची सही आहे तिथे थांबते.

आमच्या पोरांनाच दोष देऊन चालणार नाही हेही लिहितो. टेंडरमध्ये "इन्स्टॉलेशन, टेस्टिंग, कमिशनिंग" एका ओळीत एका रकमेत असतं, कॉन्ट्रॅक्टर दोन पोरं पाठवतो आणि दिवसात तीस-चाळीस लूप संपवायला सांगतो. एका लूपला वीस मिनिटं धरली तरी हे होणारं काम नाही. मग चहाच्या टपरीवर बसून शीट भरल्या जातात, ४ समोर ४.००, ८ समोर ८.००, सगळ्या चाळीस शीटवर तेच सुंदर आकडे. खरा लूप तपासला की ८.०१ येतं, ११.९९ येतं, १९.९८ येतं. ज्या शीटवर एकही वेडावाकडा आकडा नाही ती शीट साहेबांनी परत पाठवावी आणि समोर उभं राहून कोणतेही दोन लूप परत करून घ्यावेत. लूपमागे पैसे वेगळे द्या, दोन माणसं द्या, मीटर बदलला की रेंज दोन्ही टोकांना लिहून दोघांच्या सह्या घ्या. आणि आपल्या वार्ताहरांना विनंती आहे की यापुढे टाकी वाहिल्याची बातमी करायला गेलात तर लूप टेस्टची शीट मागा, शेवटचा मीटर कधी बदलला ते विचारा.

त्या पंपहाऊसचा रिपोर्ट मी त्याच दिवशी लिहून दिला, जुनी रेंज, नवी रेंज, पाचही पॉइंट, फोटोसकट. बिल पास झालं. टाकी त्यानंतर एकदाही वाहिलेली नाही. काकांना मात्र अजून परत घेतलेलं नाही, आठ दिवसांचा पगारही दिलेला नाही. मी दोनदा ऑफिसात जाऊन विचारलं, ते म्हणाले ती फाईल वेगळी आहे, ती आस्थापना विभागाकडे असते. काका आता दुसऱ्याच्या वाडीत आंब्याची राखण करतात. दोरी आणि नट त्यांनी त्या दिवशी मलाच दिला, म्हणाले तुम्हाला लागेल. नोटिशीत "झोपा काढतो" लिहिलंय ते वाक्य लेखी खोडून मिळावं, एवढीच त्यांची मागणी आहे, नोकरीचं ते बोलतही नाहीत. ज्यांच्या टेबलावर ती फाईल आहे त्यांच्या वाचनात आपला पेपर असतो हे मला माहीत आहे, माझा रिपोर्ट त्याच ऑफिसात आहे, तो त्यांनी मागवून घ्यावा.

आपला नम्र,
एक इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक
(नाव छापू नये ही विनंती)